ईटीएफ आणि किरकोळ गुंतवणूकदार

एक्सचेंज ट्रेडेड फंड (ईटीएफ) हा शेअर बाजारात समभागांप्रमाणे खरेदी-विक्री होणारा म्युच्युअल फंडाचा प्रकार होय. भारतातील पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात सूचिबद्ध झाला. ईटीएफ किरकोळ गुंतवणूकदारासाठी गुंतागुंतीचा आहे का, हे त्यात काय आहे याबरोबरच त्याचा व्यवहार कसा होतो यावरही ठरते.

अप्रत्यक्ष गुंतवणूक

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील रांजणगाव व दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथील ज्या कामगारांची खाती कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे आहेत, त्यांच्या बचतीचा काही भाग ईटीएफमध्ये जातो. संघटनेने ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या गुंतवणुकीच्या ५ टक्के रकमेपासून ही सुरुवात केली. पुढे हे प्रमाण १५ टक्के झाले. येथे खरेदीचा निर्णय संघटना घेते व सदस्याला जाहीर दराने व्याज मिळते.

प्रत्यक्ष खरेदी

हाच कामगार पगारातून किंवा एखादा शेतकरी ऊसबिलातून ईटीएफ घेतो, तेव्हा त्याला डीमॅट खाते लागते आणि भावाची जबाबदारी त्याची स्वतःची असते. ईटीएफचा बाजारभाव मागणी-पुरवठ्यानुसार ठरतो. तो निव्वळ मालमत्ता मूल्याइतका असेलच असे नाही. १०० रुपये मूल्याचे युनिट ११० रुपयांना घेतले आणि नंतर ही तफावत मिटली, तर निर्देशांक स्थिर राहूनही सुमारे ९ टक्के तोटा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीच्या ईटीएफचे भाव मालमत्ता मूल्याच्या बरेच वर गेले, तेव्हा काही फंड कंपन्यांनी त्यांवर आधारित फंड ऑफ फंड योजनांत नवी एकरकमी गुंतवणूक स्वीकारणे तात्पुरते थांबवले होते.

सेबीच्या नियमांनुसार २५ कोटी रुपयांहून मोठे व्यवहार फंड कंपनीशी थेट करता येतात. लहान गुंतवणूकदाराला मात्र सामान्यतः बाजारातूनच खरेदी-विक्री करावी लागते.

मूल्यमापन

युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत सर्वसाधारण यूसिट्स फंड साधे, तर संरचित यूसिट्स फंड गुंतागुंतीचे मानले जातात. भारतातील रिस्कोमीटर योजनेतील मालमत्तेची जोखीम दाखवतो. खरेदीच्या क्षणी भाव मूल्यापेक्षा किती चढा आहे, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे निर्देशांकावर आधारित ईटीएफ रचनेने सोपा असला, तरी व्यवहाराने तितका सोपा नसतो. त्याच निर्देशांकाच्या इंडेक्स फंडात डीमॅट खात्याविना आणि निव्वळ मालमत्ता मूल्यानेच गुंतवणूक करता येते. ईटीएफच घ्यायचा असल्यास फंड कंपनीच्या संकेतस्थळावरील सूचक मालमत्ता मूल्य पाहून, मर्यादित भावाची ऑर्डर देणे हितावह ठरते.