आंबा पिवळा दिसतोय, पण पिकलाय का?

अक्षय तृतीया जवळ आली की नांदेड, लातूरच्या बाजारात पिवळ्या आंब्यांचे ढीग लागतात. करा-केळी पुजायची, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवायचा, त्यामुळं त्या दोन-तीन दिवसांत आंबा कोणत्याही भावात खपतो. पण आपल्याकडचा केशर बहुतेक बागांत मे महिन्यात उतरतो. सण एप्रिलमध्ये आला की गिऱ्हाईक आधी आणि फळ नंतर, असं होतं. मग कोवळा माल तोडून कार्बाइड लावायचा मोह होतो.

कार्बाइड म्हणजे वेल्डिंगसाठी गॅस तयार करतात तोच खडा. त्याची पुडी क्रेटमध्ये ठेवली की ओल लागून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि दोन-तीन दिवसांत साल पिवळी पडते. आत कोयीजवळ मात्र आंबटच. या खड्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून त्यानं पिकवलेलं फळ विकायला कायद्यानं बंदी आहे. एथिलीन गॅसला मात्र परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त १०० भाग. रायपनिंग चेंबरमधली केळी याच गॅसवर पिकते. त्यामुळं पिवळं दिसलं की विष, असंही समजू नका.

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते, पाण्यात तरंगला तो कार्बाइडचा आंबा. तसं नाही. तरंगणारा आंबा बहुधा कोवळा तोडलेला असतो, भरलेला आंबा बुडतो. कार्बाइड लावलं की नाही हे पाणी सांगत नाही. पण कोवळ्या मालालाच ते जास्त लावलं जातं, म्हणून तरंगणारा न घेतलेला बरा. सगळा ढीग एकसारखा पिवळा, देठाजवळ वास नाही, सालीवर पांढरी भुकटी किंवा काळे चट्टे, असं दिसलं तर पुढं चला. केशर तर पिकला तरी थोडा हिरवट राहतो. घरी आणल्यावर वाहत्या पाण्यात धुवा, देठाचा चीक काढून टाका. चोखून खाण्यापेक्षा साल काढून खा. धुतल्यानं वरचं निघतं, आत गेलेलं निघत नाही.

माझीही केशरची थोडी झाडं आहेत. पाड लागायच्या आधीच व्यापारी येतो आणि म्हणतो, आत्ताच तोडा, पुढं भाव राहणार नाही. त्याचं खोटंही नसतं. थांबावं तर एका वादळात सडा पडतो. शेतकरी थांबत नाही याला कारण आहे ते हे.

यावर गिऱ्हाईकाच्या हातात एक सोपी गोष्ट आहे. ओळखीच्या बागेतून निबर, हिरवा आंबा देठासकट घ्या आणि घरीच आढी लावा. गव्हाच्या काडावर एक थर आंबा, वर परत काड, पोतं झाका. दिवसाआड उघडून बघा, नासका वेगळा काढा. साधारण आठ-दहा दिवसांत वास घरभर सुटतो.