ही खुशी कोणाची ?

दारूनें शेतकऱ्याकारागिरांच्या घरांची जी धूळधाण केली, ती आम्ही रोज पाहतों. १८८० सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद या नात्यानें दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. आमचेंही मत तेंच आहे. परवान्यावांचून दारू बाळगणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें महाराष्ट्रांत आजही गुन्हा आहे. खऱ्या गुन्हेगारास शिक्षा झाली तर आम्हांस वाईट वाटत नाहीं.

परंतु आमच्या गांवच्या एका कुंभाराची गोष्ट निराळी. त्याच्या आव्याशेजारच्या पडवींत हातभट्टीची दारू सांपडली. पडवी चुलतभावाच्या वापरांत, पण घर याचें; म्हणून शिक्षा यास झाली. जाणूनबुजून ताब्यांत ठेवल्यावांचून 'बाळगणें' होत नाहीं, या मुद्यावर त्यानें सेशन कोर्टांत अपील केलें. तारखांवर तारखा पडल्या. प्रत्येक तारखेस दिवसाचा धंदा बुडाला, एस.टी.चें भाडें गेलें, वकिलाची फी थकली. शेवटीं कोणी कानांत सांगितलें, "अपील हरलास तर शिक्षा वाढेल." बिचाऱ्यानें अर्जावर सही केली, 'अपील स्वखुशीनें काढून घेत आहें.'

आम्ही विचारतों, ही खुशी कोणाची ? आरोपीच्या अपिलांत कोर्ट शिक्षा कायम ठेवील, कमी करील वा रद्द करील. त्या अपिलांत ती वाढवितां येत नाहीं. वाढ हवी तर सरकारास निराळी दाद मागावी लागते. वकिलाचें म्हणाल, तर १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडींतील माणसें व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांस सरकारखर्चानें वकील मिळतो, अपिलासही मिळतो. हें त्या कुंभारास कोणीं सांगितलें नाहीं. आम्ही शिकलेले म्हणविणारे गांवांतच होतों. आम्हींही सांगितलें नाहीं. हा दोष आमच्या पदरीं आहे.

ज्यानें खरोखर दारू बाळगली, त्यानें अपील सोडावें, शिक्षा भोगावी व बाटली कायमची टाकावी. त्याचा आम्ही मानच करूं. पण निर्दोष माणसानें भीतीनें किंवा रिकाम्या खिशापायीं माघार घेणें म्हणजे आपल्याच हातानें कपाळीं डाग लावून घेणें होय. शिक्षा कायम होते, आणि काढून घेतलेलें अपील सहसा पुन्हा उभें राहत नाहीं.

बंधूंनो, मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टांत अपील करण्यास ३० दिवसांची मुदत असते. निकालाची नक्कल लगेच मागा. फी नसेल तर तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करा. आणि 'स्वखुशी' हा शब्द ज्या कागदावर असेल, तो भरंवशाच्या माणसाकडून वाचून घेतल्यावांचून त्यावर सही वा अंगठा करूं नका.