विश्लेषण : कामाचा फोटो मोबाइलने काढावा की छोट्या कॅमेऱ्याने?

ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला ज्यांची वावरे आहेत, त्यांना एक सकाळ चांगलीच ओळखीची आहे. रात्री रानडुकरांचा कळप येऊन जातो आणि उजाडताना धुऱ्यावर उभे राहिले की मका आडवा पडलेला दिसतो. पूर्वी अशा वेळी पहिले पाऊल गावातल्या कार्यालयाकडे वळायचे. आता पहिला हात खिशाकडे जातो. आधी फोटो, मग अर्ज.

घरकुलाच्या जोत्याची नोंद घेणारा ग्रामपंचायत कर्मचारी, कालव्याच्या अस्तरीकरणावर लक्ष ठेवणारा कनिष्ठ अभियंता, अपघातस्थळी पोहोचलेला पोलीस अंमलदार आणि खामगावच्या बाजारात चांदीच्या दागिन्यांचे नमुने परगावच्या ग्राहकाला दाखवणारा व्यापारी, या सर्वांच्या कामात आता फोटो आहे. त्यामुळे रोजच्या वापराच्या मोबाइलवरच भागवावे की कामासाठी खिशात मावणारा वेगळा डिजिटल कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. त्यावर कोणाची तरी भरपाई, हप्ता किंवा मजुरी अवलंबून असते.

कामाचा फोटो वेगळा कसा?

लग्नाचा किंवा सहलीचा फोटो छान दिसला की झाले. कामाच्या फोटोने चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हे कुठले आहे, कधीचे आहे, कोणी टिपले आणि नंतर त्यात काही बदल झाला का? फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत तारीख, वेळ आणि उपकरणाची माहिती साठवली जाते. मोबाइलमध्ये ‘लोकेशन’ सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही जातात. दुकानात मात्र चर्चा होते ती मेगापिक्सेलची. नुकसानीच्या फोटोला १२ मेगापिक्सेल पुरेसे असतात. तारीख चुकलेली असेल तर ५० मेगापिक्सेलही वाया जातात.

इथे मोबाइलची बाजू भक्कम आहे. त्याचे घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळते आणि त्यात जीपीएस असते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याला रेंज गेली, तरी ठिकाण नोंदले जाऊ शकते, फक्त पहिल्यांदा थोडा जास्त वेळ लागतो. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत जीपीएस नसते. त्यांचे घड्याळ हाताने लावावे लागते आणि बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली तर ते जुन्याच तारखेवर परत जाते.

सरकारी यंत्रणा कोणाच्या बाजूने?

सरकारने निवड केव्हाच करून टाकली आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकऱ्याने ॲपमधूनच पिकाचा फोटो टिपायचा असतो. पंतप्रधान आवास योजनेत घरकुलाच्या टप्प्यांचे फोटो ठिकाणाच्या नोंदीसह मोबाइल ॲपवरून चढवले जातात आणि हप्ते त्या टप्प्यांशी जोडलेले असतात. मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर घेणे आणि दिवसातून दोन फोटो देणे सक्तीचे झाले.

पीकविम्यातही हेच आहे. वन्यप्राण्यांमुळे झालेले नुकसान पीकविम्यात स्थानिक आपत्ती म्हणून धरले जाईल, असे केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. २०२६च्या खरिपापासूनची ही तरतूद आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग त्यात येतील हे राज्यांनी ठरवायचे आहे. पण अट स्पष्ट आहे : नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीकविमा ॲपवर ठिकाणाच्या नोंदीसह फोटो. रोही आणि रानडुकरांनी हैराण झालेल्या बुलढाण्यासाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. अशा ठिकाणी उत्तम कॅमेऱ्याने काढलेला सुंदर फोटोही घरीच राहतो. त्यामुळे ॲप लागणाऱ्या कामासाठी छोटा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही.

मात्र ॲपमधून आलेला फोटो म्हणजे सत्य, असेही नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये राज्यांना पत्र पाठवून हजेरीच्या ॲपमधले गैरप्रकार मोजून दाखवले. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात होते. काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जात होती. म्हणजे यंत्र वेळ आणि जागा सांगते, प्रामाणिकपणा माणसालाच आणावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचे असते, तेही शक्यतो मोबाइलने. कायद्याच्या मजकुरातच मोबाइलला असे प्राधान्य मिळाले आहे.

पण पुरावा म्हणून फाइल सादर करताना गोष्ट थोडी बदलते. त्याचा धडा बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्यातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी नियम स्पष्ट केला : इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर केली तर प्रमाणपत्र हवे, मूळ उपकरणच न्यायालयासमोर ठेवून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ते लागत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच. फाइलमध्ये एवढासा बदल झाला तरी तो जुळत नाही.

याचा साधा अर्थ असा की मूळ फाइल सांभाळणे फोटो काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आणि इथेच मोबाइलची अडचण सुरू होते. ज्या मोबाइलमध्ये घरचे फोटो, बँकेचे व्यवहार आणि मुलांचे शाळेचे गट आहेत, तोच पुरावा म्हणून हजर करायची वेळ आली तर? कामाचा कॅमेरा वेगळा असेल तर तो आणि त्यातले मेमरी कार्ड पाकिटात घालून कपाटात ठेवता येते, घरचे काही अडत नाही.

मग छोटा कॅमेरा मोडीत निघाला का?

बाजाराने तसा निकाल जवळजवळ दिला होता. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे रवाना झाले, त्यातले बहुतेक छोटे होते. २०२३ मध्ये सर्व प्रकारचे मिळून ही संख्या ७७ लाखांच्या आसपास आली. मोबाइलने ही बाजारपेठ गिळली.

तरीही काही कामांत छोटा कॅमेरा आजही वरचढ आहे. पहिले काम अंतराचे. धरणाच्या भिंतीवरची ओल, उंच टाकीच्या स्लॅबची भेग किंवा विजेच्या खांबावरचा तुटलेला इन्सुलेटर खालून टिपायचा असेल, तर भिंगाने जवळ आणणारा खरा झूम लागतो. स्वस्त मोबाइलमध्ये दोन बोटांनी चित्र मोठे केले की फक्त ठिपके मोठे होतात, तपशील वाढत नाही. दुसरे काम धूळ आणि पाण्याचे. खडी क्रशरवर किंवा विहिरीच्या खोदकामावर रबरी कवचाचा, पाण्यात चालणारा कॅमेरा मळक्या हातांनी वापरता येतो. तिसरे काम दिवसभराच्या मोजदादीचे. शेकडो फोटो काढायचे असतील तर मोबाइलची बॅटरी दुपारीच मान टाकते आणि मलकापूर-शेगावच्या मे महिन्याच्या उन्हात तापलेला मोबाइल कधीकधी कॅमेराच बंद करतो. छोट्या कॅमेऱ्यात बॅटरी बदलली की काम पुन्हा सुरू.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. कॅमेरा वेगळा आहे म्हणजे चित्र चांगलेच येणार, असे नाही. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा सेन्सर चांगल्या मोबाइलमधल्या सेन्सरएवढाच किंवा त्याहून लहान असतो. संध्याकाळच्या उजेडात मोबाइल अनेक फोटो जोडून एक स्वच्छ चित्र तयार करतो, स्वस्त कॅमेरा ते करू शकत नाही. म्हणून खरा झूम किंवा मजबूत कवच यांपैकी काहीच मिळत नसेल, तर दहा-पंधरा हजार रुपये त्यात घालू नयेत.

रंगाच्या बाबतीत सावध का राहायचे?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो जगभर फिरले. फोटोंमुळे लक्ष वेधले गेले, पण कारण कळले ते पाण्याचे नमुने तपासल्यावर. खारट पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे अभ्यासातून पुढे आले. फोटो प्रश्न उभा करतो, रंगाचे माप देत नाही.

मोबाइल आणि कॅमेरा दोन्ही रंग स्वतःच्या अंदाजाने जुळवतात. मोबाइल तर आकाश अधिक निळे आणि पान अधिक हिरवे करून दाखवतो. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, कापसाची लाल पडलेली पाने किंवा विहिरीच्या पाण्याचा गढूळपणा दाखवायचा असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात एक पांढरा कागद ठेवावा. तो पांढरा दिसला तर बाकीच्या रंगांवर भरवसा ठेवता येतो. सौंदर्य वाढवणारे फिल्टर कामाच्या फोटोत बंदच हवेत.

मोबाइल कोणाचा, खर्च कोणाचा?

या सगळ्यात सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कामासाठी मोबाइल योग्य, हे मान्य केले तरी तो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पैशाचा का असावा? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. कमी क्षमतेचे ते फोन अडकत होते, तापत होते आणि ॲप मराठीत नव्हते. साधन देऊन भागत नाही, ते कामाला पुरणारे असावे लागते, हे त्या आंदोलनाने दाखवले. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाकडून त्याच्याच मोबाइलची साठवण, डेटा आणि बॅटरी फुकट घेणे हा खर्च कपातीचा मार्ग होऊ शकत नाही.

दुसरी बाजू खासगीपणाची. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केस गळू लागले. टक्कल पडलेल्या गावकऱ्यांची छायाचित्रे काही दिवसांत देशभर पोहोचली. आजाराची नोंद घ्यायला फोटो लागतो, पण तो तपासणी करणाऱ्याच्या खासगी मोबाइलमधून एका बोटाने कुठल्याही गटात जाऊ शकतो. रुग्ण, लहान मुले किंवा अपघातग्रस्त यांचे फोटो ज्यांच्या कामात येतात, त्यांच्यासाठी कार्यालयाचे वेगळे उपकरण हीच सुरक्षित वाट आहे. ते मोबाइल असो वा छोटा कॅमेरा, त्यात समाजमाध्यमे नसावीत.

फोटो काढताना काय पाळावे?

उपकरण कोणतेही असले तरी काही सवयी पैसे न घालता लागू शकतात. कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ सुरू आहे का, ते आधी पाहावे. भिंग रुमालाने पुसावे, अनेक धूसर फोटो बोटांच्या तेलकटपणामुळे येतात. प्रत्येक नुकसानीचे तीन फोटो घ्यावेत : धुरा, झाड किंवा रस्ता दिसेल असा लांबून, मग मधल्या अंतरावरून आणि शेवटी अगदी जवळून. जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा पेन ठेवले की आकाराचा अंदाज येतो.

वेगळा कॅमेरा वापरणाऱ्यांनी दिवसाची सुरुवात मोबाइलवरच्या घड्याळाच्या फोटोने करावी. कॅमेऱ्याचे घड्याळ किती मिनिटे पुढे-मागे आहे, याची नोंद त्यातच होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवू नये. त्यात तो दाबून लहान होतो आणि आतली ठिकाणाची नोंदही निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच पोहोचते. काम संपेपर्यंत मूळ फोटो पुसू नये, एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

मग निवड कोणती?

शेतकऱ्याने आणि ॲपवर नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याने मोबाइलच घ्यावा आणि पैसे कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या बॅटरीवर घालावेत. लांबचे, धुळीतले किंवा दिवसभराचे फोटो काढणाऱ्या अभियंत्याला, कंत्राटदाराला छोटा कॅमेरा आजही उपयोगी आहे, मात्र मोबाइलच्या जोडीला. आणि ज्या कार्यालयाला फोटो हवा आहे, त्याने साधनही द्यावे. आडव्या पडलेल्या मक्याचा फोटो ७२ तासांत मागणाऱ्या व्यवस्थेने तो फोटो काढणाऱ्या हाताचाही विचार करायला हवा. नाहीतर भरपाई पिकाच्या नुकसानीवर नाही, तर कोणाकडे कुठला मोबाइल आहे यावर ठरू लागेल.