कोण कुणाची भाषा बोलतंय?



मी बीड जिल्ह्यातला. मॅट्रिक होऊन मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. गोदीत शिरलो त्याच दिवशी 'कामून' सोडलं, 'क्यों' धरलं. पोटासाठी धरलं. मुकादम कधी माझी बोली शिकला न्हाई. खालच्यानं वरच्याची भाषा शिकायची, ही तर गुलामीची रोजची हजेरी. तिला एकजूट म्हणू नका.

म्हणून सिनेमात माणूस भाषा बदलतो तेव्हा मी एकच बघतो : जीभ कुणाकडून कुणाकडं चाललीय?

नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६) आठवा. आर्ची पाटलाची पोर. मराठी कळत नसंल तर इंग्रजीत सांगू का, म्हणून दरडावते. तिथं दुसरी भाषा म्हणजे वाड्यातली दुसरी काठी. हीच आर्ची परश्यासंगं हैदराबादेला पळते. त्या हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आमचं बीड १९४८ पर्यंत होतं. कचेरीतली उर्दू कळेना म्हणून आमच्या पणज्यानं नुसते अंगठे उठवले. त्याच शहरातल्या झोपडपट्टीत सुमनअक्का या दोघांशी मराठीत बोलते, नुसती बोलत न्हाई, खोपटं देते. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात राबते, तेलुगू शिकते. तिची पाटीलकी गळते ती इथं, सोबतच्या कामगारांची भाषा तोंडात आल्यावर.

आता 'फँड्री' (२०१३). शब्द कैकाडी, अर्थ डुक्कर. जब्याच्या घरात कैकाडी, गावापुढं मराठी. गावची पोरं त्या बोलीतला एकच शब्द उचलतात आणि त्याच्याच तोंडावर मारतात. शब्द घेतला, पण धोंडा म्हणून घेतला. उलट २०२१ साली तमिळ सिनेमानं आपला 'जय भीम' घेतला. इरुलर आदिवासींच्या न्यायाच्या लढ्याला ते नाव दिलं. शब्द घेण्याच्या या दोन तऱ्हा.

आपली तऱ्हा कोणती? खरं सांगतो, लाज वाटते. आमच्या वस्तीपल्याड कैकाड्यांची पालं पडायची. त्यांच्या बोलण्याला मीबी हसलोय. गाव आम्हाला हसायचं, आम्ही त्यांना. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०) वाचून डोळे भरले, पण ते मराठीत होतं म्हणून वाचलं. माने आपल्या भाषेत आले. आपण त्यांच्या भाषेत किती पावलं गेलो? 'फँड्री' सोडून एक तरी कैकाडी शब्द येतो का आपल्याला? जब्याचा शेवटचा धोंडा थेट प्रेक्षकावर येतो. त्या प्रेक्षकांत आपणबी बसलोय.

पारध्यानं, कैकाड्यानं, तांड्यावरच्या ऊसतोड्यानं आपल्या मोर्चात 'जय भीम' म्हणावं असं वाटतं ना? मग आधी त्याच्या पालावर जा आणि त्याच्या बोलीत त्याला 'जेवलास का' विचारा. पुढच्या अंकापासून एक पान कैकाडी, पारधी, गोरमाटी बोलीला राहील. कळलं न्हाई तर लिहिणाऱ्याला जाऊन विचारा. विचारायला कमीपणा वाटला, तर समजा आपल्यातबी एक पाटील अजून जिवंत हाय.

जय भीम!