ट्रॅक्टरवरील जनित्र व घरची वीज

मृगाचें वादळ झालें कीं नागपूर भागांत गांवोगांवीं वीज जाते, आणि हल्लीं कित्येक शेतकरी ट्रॅक्टरास जोडलेल्या जनित्रावर घरचे दिवे चालवितात. सोय उत्तम, परंतु दोहों टोकांस प्लग लावलेली वायर भिंतींतील सॉकेटांत खुपसण्याची रीत आम्हांस सर्वथा अमान्य आहे. मेन स्विच बंद करावयाचा राहिला, तर घरची २३० व्होल्टची वीज उलट डीपीवर चढून ११,००० व्होल्टच्या तारांत शिरते, आणि तार बंद समजून काम करणारा लाइनमन प्राणास मुकतो. त्यानें तारा आधीं अर्थ कराव्या हें खरें. परंतु आपला हलगर्जीपणा त्याच्या दक्षतेवर टाकणें न्याय्य नव्हे. "आम्ही स्विच विसरत नाहीं," असें सांगणारे भेटतात. आम्हीं तहसिलींत पटवाऱ्यांच्या वह्या वर्षानुवर्षें तपासल्या. न विसरणारा मनुष्य आढळला नाहीं. यास्तव फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवावा. तो एका वेळीं एकच वीज घरांत येऊं देतो. जनित्राच्या सांगाड्यास अर्थिंग हवेंच. आणि पावसाच्या भीतीनें चालता ट्रॅक्टर पडवींत उभा करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेल्या माणसांस तो जागें होऊं देत नाहीं.