रक्कम पोचली, नॉमिनी पोचला का?

१ एप्रिल २०२०. सारा देश टाळेबंदीत घरी बसला असताना मणिपालची सिंडिकेट बँक बंगळुरूच्या कॅनरा बँकेत विलीन झाली. सिंडिकेट म्हणजे आपल्याकडे गावोगाव रुजलेल्या ‘पिग्मी’ची जननी. १९२८ साली तिने दारोदार एजंट धाडून रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. गंमत म्हणजे, १९२५ मध्ये उडुपीत ती जन्मली तेव्हा तिच्या लांबलचक नावाची सुरुवातच मुळी ‘कॅनरा’ या शब्दाने होत होती!

शाखेवरची पाटी बदलणं सोपं. पण संगणकातली खाती? दोन्ही बँकांचं सॉफ्टवेअर एकाच घराण्यातलं, आय-फ्लेक्सचं, ही जमेची बाजू. ऑगस्ट २०१९ मध्ये विलीनीकरण जाहीर झालं तेव्हाच सरकारने ती सांगितली होती. तरी भांडी एकाच दुकानातली म्हणून दोन घरांचे संसार आपोआप एक होत नाहीत. एकाच बाईचं खातं दोन्ही बँकांत असतं. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं. संगणकाच्या लेखी या दोन बायका!

अशा स्थलांतराची आधी रंगीत तालीम होते. मग बहुधा सुट्टीच्या दिवशी व्यवहार थांबवून खाती हलवतात आणि जुन्या-नव्या बेरजा पैशापर्यंत जुळवतात. त्यामुळे शिल्लक सहसा हरवत नाही. पासवर्डचं मात्र वेगळं. संगणकात पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नसतो. ठेवतात ते त्याचं उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप. नव्या यंत्रणेला ते उमगलं नाही, तर खातेदाराला नवा पासवर्ड घ्यावा लागतो. तो घेण्यासाठी ‘जुना सांगा’ असा फोन आला, तर खुशाल भामटा समजावा.

खरी मेख आहे खात्याला चिकटलेल्या बारीकसारीक नोंदींत. मोबाइल नंबर, एटीएमची मर्यादा, दरमहा आवर्ती ठेवीत पैसे वळवण्याची सूचना, नॉमिनीचं नाव. यातली एखादी नोंद गळाली तरी रुपयांची बेरीज जुळतेच! मोबाइल नंबर चुकला तर मेसेज येईनासे होतात, चार दिवसांत कळतं. नॉमिनीचं नाव गळालं, तर ते कळतं खातेदार गेल्यावर. तेव्हा त्याची बायको वारसाच्या कागदपत्रांसाठी खेटे घालत असते.

काही नोंदी तर बँकेच्या हातातच नसतात. सिंडिकेटच्या शाखांचे ‘एसवायएनबी’ने सुरू होणारे आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले, त्यांच्या जागी ‘सीएनआरबी’वाले आले. पण जुना कोड मुलाच्या कंपनीत, भाडेकरूच्या मोबाइलमध्ये, प्राप्तिकराच्या परताव्यासाठी दिलेल्या तपशिलात तसाच पडून होता. तो ज्याचा त्यानेच बदलायचा.

तेव्हा बँक विलीन होवो वा नुसतं सॉफ्टवेअर बदलो, पासबुक भरून घेताना शिल्लक पाहून घरी परतू नये. नॉमिनेशन नोंदल्याचा शेरा पासबुकावर आहे का, ते पाहावं. नसेल तर काउंटरवर विचारावं आणि नवा फॉर्म भरल्यास पोच मागून घ्यावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि कुणाला किती टक्के, हेही लिहून देता येतं.