मूळ इंजिन, बनावट शिक्का (थ्रेड)

अस्सल आणि बनावट यांतला भेद इतिहासाचा विद्यार्थी सहसा कागदांवरून शिकतो. जुन्या मोटारीच्या इंजिनावरूनही तो तितकाच चांगला शिकता येतो.

१९६९ सालची अमेरिकन शेव्हरोले कॅमारो झेड-२८ पाहा. इंजिनाच्या ठोकळ्यावर मागच्या बाजूस ओतकामाची तारीख उठवलेली असते. पुढच्या बाजूस, उजव्या हेडच्या पुढे, एका सपाट पट्टीवर जुळणीचा शिक्का असतो. ‘व्ही ०३१८ डीझेड’ म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १८ मार्च आणि झेड-२८ साठीचे ३०२ घनइंची इंजिन. त्याच ठोकळ्यावर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडेही ठोकलेले असतात. आधी ओतकाम, मग जुळणी, शेवटी गाडी. एप्रिलमध्ये बाहेर पडलेल्या गाडीत जूनमध्ये ओतलेला ठोकळा सापडला, तर पुढचे काही तपासण्याची गरज उरत नाही.

मूळ इंजिनाच्या गाडीला किंमत फार चढी मिळते, म्हणून पट्टी घासून नवे आकडे ठोकणारे कारागीरही निर्माण झाले. पण कारखान्यातील यंत्र त्या पट्टीवर बारीक समांतर रेघा सोडते. घासणाऱ्याच्या हाताने त्या पुसल्या जातात. शिक्का बरोबर, पृष्ठभाग मात्र खोटा.

ताम्रपटांच्या अभ्यासकांना हे ओळखीचे वाटेल. जुना मजकूर ठोकून सपाट करायचा आणि त्याच पत्र्यावर नवे दान कोरायचे, हा उद्योग जुनाच आहे. फ्लीट यांनी १९०१ मध्ये बनावट भारतीय लेखांची यादीच प्रसिद्ध केली. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो खंड १९६३ मध्ये सिद्ध केला, त्यामागेही लिपी, भाषा, वंशावळ आणि मुद्रा एकमेकींशी ताडून पाहण्याचीच शिस्त होती.

आता आपल्याकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्यात डॉज व प्लिमथ जुळवल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या अनेक अमेरिकन इंजिनांवर गाडीचा क्रमांक कोरलेलाच नसे. तेव्हा येथे खरा दस्तऐवज म्हणजे आरसी बुक, कारण इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक तेथे एकत्र नांदतात. नागपूरच्या गाडीचे कागद तर आणखी बोलके ठरू शकतात. शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गाडी जागची न हलता तीन राज्यांची प्रजा झाली!

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने (मंत्री नागपूरचेच खासदार, नितीन गडकरी) व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. नियम स्वागतार्हच; जुन्या गाडीला कायद्याने ओळख मिळाली. अट मात्र अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको.

येथेच घोडे अडते. १९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि ती प्रचंड अमेरिकन धुडे पोसणे अनेकांना अशक्य झाले. तहानलेली इंजिने निघाली, डिझेल इंजिने बसली. त्यामुळेच कित्येक गाड्या भंगारात न जाता पुढे धावत राहिल्या. अशी डिझेल प्लिमथ म्हणजे बिघडलेली प्लिमथ नव्हे. तेलाच्या झटक्याचा आणि आयातबंदीच्या काळातील भारतीय जुगाडाचा तो पुरावा आहे. नियम अक्षरशः वाचला, तर तीच दाराबाहेर राहते. आणि मालकाला सुचणारा सोपा मार्ग कोणता? डिझेल इंजिन काढायचे, कुठून तरी पेट्रोलचा ठोकळा आणायचा आणि कागदाशी जुळणारे आकडे ठोकायचे. अस्सलपणाच्या अटीने बनावटीलाच बाजार मिळवून द्यावा, हे विचित्र आहे.

कॅमारोच्या बाबतीत मूळ इंजिनाचा आग्रह समजण्यासारखा आहे. तेथे प्रश्न खरेदीदाराच्या फसवणुकीचा असतो. वारसा जपणाऱ्या नोंदवहीने विचारायचा प्रश्न वेगळा हवा: इंजिन कोणते, ते कधी बसले आणि त्याची नोंद आरसी बुकात त्याच वेळी झाली होती का? १९७५ च्या तारखेची, रीतसर शिक्क्याची डिझेल नोंद असलेले आरसी बुक एकीकडे आणि कालच ठोकलेले मूळ आकडे दुसरीकडे ठेवले, तर संशोधकाने पहिल्या गाडीवरच विश्वास ठेवावा. नियमानेही तिच्यासाठी एक रकाना राखावा.